सोडून गेलेल्यांचं टपाल

टपालताईंची गोष्ट आता निवांत सांगता येते. मध्यंतरी अशी वेळ होती की दुकानात फोन वाजला की त्यांच्या नवऱ्याच्या हातातली काच निसटायची, आणि ताई मागच्या खोलीतून अशा धावत यायच्या जणू शेगडीवर काहीतरी करपलंय. आता तसं काही नाही. आता त्या दुपारी जेवल्यावर घटकाभर लवंडतात. बाईमाणसाचा दुपारी डोळा लागला की घराचं बरं चाललंय असं खुशाल समजावं.

टपालताई हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे, ते धंद्यानं चिकटलं. नवऱ्याचं चौकात चष्म्याचं दुकान आहे. पुढे काउंटर, दोन आरसे, भिंतीवर तळहाताएवढ्या अक्षरापासून मुंगीएवढ्या अक्षरापर्यंतचा तक्ता. मागे एक खोली. तिथे पूर्वी काचा घासायचं यंत्र होतं. काचा बाहेरून घासून येऊ लागल्या, यंत्र विकलं, आणि त्या रिकाम्या जागेत ताईंनी आपला संसार मांडला. संसार म्हणजे संगणकाची दोन काळी खोकी, एक पडदा, खोली गार ठेवणारं यंत्र आणि अष्टौप्रहर चालणारी घुर्रघुर्र. आपण 'मेल टाकला' म्हणतो तेव्हा तो काही हवेतून उडत जात नाही. तो कुणाच्या तरी दारातून बाहेर पडतो आणि कुणाच्या तरी दारात जाऊन उभा राहतो. त्या गावातल्या पुष्कळ मंडळींचं ते दार म्हणजे ताईंची मागची खोली.

नवरा त्या खोक्यांना 'हिचे आधीचे यजमान' म्हणतो. ते नुसते कण्हले तरी ही उठून बघते, आणि मी तापानं फणफणलो तर म्हणते पाणी तिथेच ठेवलंय, अशी त्याची तक्रार. पण खोली थंड ठेवायचं यंत्र बिघडलं तेव्हा दुकानातला पंखा काढून यजमानांना वारा घालत बसला होता तो हाच.

ताई मुळात हॉस्पिटलच्या ऑफिसात टायपिस्ट होत्या. तिथे पहिल्यांदा ईमेल आला तेव्हा त्याला हात लावायला कुणी धजेना, म्हणून तो सगळ्यांत ज्युनिअर म्हणून यांच्या गळ्यात पडला. गळ्यात पडलेलं लेकरू पुढे अंगाखांद्यावर खेळायला लागतं तसं झालं. पुढे हॉस्पिटलनं ठरवलं की हे मेलचं लफडं आपल्या इमारतीत नको, बाहेर कुणाकडे तरी द्या. ताई म्हणाल्या, मग मलाच द्या. त्यांच्या मागोमाग औषधाचं दुकान आलं, दोन वकील आले, जनावरांचे डॉक्टर आले, बियाण्यांचा व्यापारी आला, गाणं शिकवणाऱ्या बाई आल्या.

लोक विचारायचे, मोठ्या कंपनीकडे फुकट मिळतं, मग इथे कशाला यायचं? ताई भांडायच्या नाहीत. म्हणायच्या, जा की. पण तिथे काही अडलं तर कुणाला भेटाल? आणि हे खरंच होतं. मोठी कंपनी म्हणजे दारच नसलेला वाडा. आत सगळं आहे, पण टकटक करायची कुठे? इथे बियाण्याचा व्यापारी सरळ दुकानात येऊन, चष्म्याच्या काउंटरवर हात आपटून म्हणू शकायचा की माझं पत्र कुठे गेलं. माणसाला सेवा लागते त्याहून जास्त खेकसायला कुणीतरी लागतं.

आणि ताईंचं काम चोख होतं. अनोळखी ठिकाणाहून पहिल्यांदाच पत्र आलं की त्यांची खोकी त्याला दारातच सांगत, आत्ता नाही, जरा वेळानं या. खऱ्या कामाचं असलं की ते पुन्हा येतंच. फेरीवाल्याला मात्र दुसऱ्यांदा जिना चढायचा कंटाळा असतो. एवढ्या एका युक्तीनं निम्मा कचरा बाहेरच्या बाहेर राहायचा. बाहेर जाणाऱ्या प्रत्येक पत्रावर खोलीचा सही-शिक्का असायचा, म्हणजे ताईंच्या नावानं भलत्यानं पत्रं पाठवली तर ती ओळखू यावीत. गावाच्या दुसऱ्या टोकाला दिराच्या गोदामात आणखी एक खोकं होतं, इकडचं सगळं तिकडे उतरून घेणारं. इथे आग लागली तरी लोकांची पत्रं शाबूत. इतकं सगळं होतं. तरी घात व्हायचा तो झालाच, आणि तो बाहेरून नाही, घरातूनच झाला.

त्याचं असं झालं. ताईंचा एक रिवाज होता. कुणी त्यांना सोडून मोठ्या कंपनीकडे गेलं, तरी त्याच्या जुन्या पत्त्यावर येणारं टपाल त्या त्याच्या नव्या पत्त्यावर पाठवत राहायच्या. कायमचं, आणि एक पैसा न घेता. माणूस घर बदलतो म्हणून त्याची ओळखीची माणसं थोडीच बदलतात, असं त्यांचं म्हणणं. हा रिवाज सुरू झाला तो मावशीपासून.

मावशीची ओळख करून द्यायला हवी. 'माय मरो, मावशी जगो' ही म्हण ताईंच्या बाबतीत अगदी अक्षरशः खरी ठरली. आई लवकर गेली आणि लेकराला मावशीनं पदराखाली घेतलं. पदर म्हणायचा एवढंच. मावशी कडक इस्त्रीचा पांढरा गणवेश घालायची. ती हॉस्पिटलची मेट्रन होती. सगळ्या नर्सांच्या वरची. तिच्या बुटांचा आवाज जिन्यात आला की वॉर्डातले रोगी सुद्धा पांघरूण नीट करून घेत. ताईंना ऑफिसात चिकटवलं तेही तिनंच. मावशी निवृत्त झाली, भाच्यानं तिला नवा फोन आणून दिला, त्या फोनात मोठ्या कंपनीचा मेल आपोआप आला, आणि मावशी तिकडची झाली. तिच्या मागोमाग तिच्या हाताखालच्या सगळ्या नर्सा, जसजशा निवृत्त होत गेल्या, तसतशा तिकडे गेल्या. मेंढरं मागून जातात असं कुणी म्हणेल, पण त्या मेंढरं नव्हत्या. त्या पलटण होत्या. ताईंना त्याचं वाईट वाटलं नाही. त्यांनी प्रत्येकीचं टपाल इमानेइतबारे नव्या पत्त्यावर वळवून दिलं.

आणि मग एक दिवस हॉस्पिटलच्या हेडक्लार्कांचा फोन आला. गृहस्थ सज्जन. आवाज चढवणारे नव्हते, म्हणून त्यांचं बोलणं जास्त लागायचं. ते म्हणाले, ताई, एक बाई आत्ता माझ्यासमोर रडून गेली. तिच्या तपासणीचा निकाल आपण मेलनं पाठवला होता. तो तिला दिसलाच नाही. तिच्या मेलमध्ये स्पॅमचं कपाट असतं ना, भंगाराचं, त्यात पडून होता. निकाल चांगला होता म्हणून निभावलं.

निभावलं खरं. पण पुढच्या आठवड्यात तसे आणखी निघाले. हॉस्पिटलचं पत्र मोठ्या कंपनीच्या दारात गेलं की ती कंपनी ते थेट भंगारात टाकायची. आणि गावातल्या बहुतेक रोग्यांचा मेल त्याच कंपनीचा. तपासणीला बोलावलेली माणसं येईनात, निकाल कळेनात. हेडक्लार्कांनी महिनाअखेरपर्यंतची मुदत दिली. तोवर झालं नाही तर हॉस्पिटलही मोठ्या कंपनीकडे जाणार. कागद तयार आहे, फक्त वरच्यांची सही व्हायची आहे, असं त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितलं.

हॉस्पिटल गेलं की खोली गेली. बाकीच्यांच्या जिवावर खोक्यांची वीजसुद्धा भागली नसती. मग जनावरांचे डॉक्टर कुठे जाणार, गाणाऱ्या बाई कुठे जाणार, आणि ताई काय करणार? नवरा म्हणाला, काउंटरवर बस माझ्याबरोबर. तो प्रेमानं म्हणाला, पण ताईंना ते ऐकून जास्तच रडू आलं.

त्यांनी सगळं तपासलं. सही-शिक्का बरोबर होता. इंटरनेटवर खोलीला घरनंबरासारखा जो नंबर असतो, तो कुणाच्या काळ्या यादीत नव्हता. कुणी आत शिरून खोलीच्या नावावर भलतं काही पाठवत नव्हतं. मोठ्या कंपनीला त्यांनी अर्ज केला. उत्तर लगेच आलं, माणसानं लिहिलेलं नव्हतं एवढं वाचल्यावर कळलं. आपल्या अर्जाची दखल घेतली आहे, तपासणीत काही आढळलं नाही, धन्यवाद. डॉक्टरनं खिडकीतूनच नाडी बघावी आणि तब्येत उत्तम म्हणावं तसलं.

ही कंपनी एक गोष्ट मात्र दाखवते. तुमच्याकडून आलेल्या पत्रांबद्दल आमच्या लोकांनी किती तक्रारी केल्या, त्याची एक रेघ. नावं नाहीत, कारण नाही, नुसती रेघ. ताईंची रेघ गेले कित्येक महिने हळूहळू वर चढत होती. म्हणजे कुणीतरी तक्रार करत होतं. पण कोण? आणि कशाबद्दल? निकाल आला म्हणून रोगी तक्रार करतो होय?

इथे ताईंनी एक शहाणपणा केला. त्यांच्याकडून दोन तऱ्हेची पत्रं बाहेर जायची. एक, गिऱ्हाइकांनी लिहिलेली. दुसरी, सोडून गेलेल्यांना वळवून दिलेली. दोन्ही एकाच दारातून, एकाच घरनंबरानं. त्यांनी इंटरनेटची तार देणाऱ्याकडून दुसरा नंबर घेतला, म्हणजे खोलीला दुसरं दार पाडलं म्हणा, आणि वळवलेली पत्रं सगळी त्या दारानं सोडली. मग हात जोडून बसल्या.

आठवडाभरात उजाडलं. जुन्या दाराची रेघ खाली बसायला लागली, आणि नव्या दाराच्या माथी तक्रारी चढून त्याचं तोंड बघता बघता काळं झालं. दुकानात नवरा एका आजोबांना वरून तिसरी ओळ वाचायला सांगत होता. ताई पडदा बाजूला करून म्हणाल्या, "अहो, हॉस्पिटलची काही चूक नाही. चूक आपल्या धर्मादायाची आहे." आजोबांनी ती वाक्यं सुद्धा तक्त्यावरची समजून मोठ्यानं म्हणून दाखवली.

पण अर्धंच ओझं उतरलं. रेघ खाली आली तरी हॉस्पिटलची बरीच पत्रं अजून भंगारातच पडत होती. दुसऱ्या दारानं तक्रारी येतच होत्या, आणि खोलीचं नाव एकच. एका पोरानं उद्योग केले की दुसऱ्याला मास्तर संशयानंच बघणार. तक्रार करतंय कोण हे शोधल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. सोडून गेलेल्यांत सगळ्यांत मोठा घोळका नर्सांचा. म्हणून ताई सकाळीच उठून मावशीकडे गेल्या. तिथे कुणी तक्रारखोर निघेल म्हणून नव्हे. मावशीला सगळ्यांचं सगळं माहीत असतं म्हणून.

मावशी एका खोलीत राहते, पण ती खोली बघावी. पलंगाची चादर अशी ताणलेली की वरून नाणं टाकलं तर उडेल. खिडकीच्या काचेवर बोटाचा ठसा नाही. मावशी टेबलाशी ताठ बसली होती, शेजारी चहा, समोर फोन एका स्टीलच्या ट्रेमध्ये ठेवलेला. तिचं सकाळचं टपाल चाललं होतं. मध्ये बोललेलं तिला खपत नाही, म्हणून ताई गुपचूप शेजारच्या खुर्चीवर टेकल्या आणि बघत राहिल्या. मावशीनं जुन्या मैत्रिणीचं पत्र उघडलं, ओठ हलवत वाचलं, हसली, आणि बोटानं एक बटन दाबलं. हॉस्पिटलचं एक परिपत्रक उघडलं, वाचलं, बटन दाबलं. तिसरं. चौथं. ताई पुढे वाकल्या.

"मावशी, हे काय करतेयस?"

"दिसत नाही? वाचलं, आणि ठेवलं."

"ठेवलं कुठे?"

"स्पॅममध्ये," मावशी म्हणाली, कपाटात म्हणावं तशी.

ताईंनी मावशीचा चहा उचलून एक घोट घेतला. जन्मात पहिल्यांदाच मावशीच्या कपाला कुणी न विचारता तोंड लावलं असेल.

मावशीनं मग समजावून सांगितलं, आणि तिचं ऐकलं तर त्यात खोट काढायला जागा नव्हती. वॉर्डात वाचून झालेला कागद कधी लगेच फाडायचा नाही. तो एका ट्रेमध्ये महिनाभर ठेवायचा, कुणी काही विचारलं तर हाताशी असावा म्हणून, आणि महिना झाला की आपोआप हलवायचा. फोनात कचऱ्याच्या डब्याचं चित्र आहे ते तिनं एकदा दाबून बघितलं होतं. तर फोन विचारायला लागला, हे नष्ट करायचं का? दुसऱ्याच्या हातचं पत्र नष्ट करणारी मी कोण, असं मावशीला वाटलं. शेजारचं बटन दाबलं तर पत्र एका वेगळ्या खणात जातं, तिथे महिनाभर राहतं आणि मग मुकाट निघून जातं. अगदी वॉर्डातल्या ट्रेसारखं. इंग्रजी नाव काय का असेना, काम चोख.

"आणि बाकीच्या?" ताईंनी विचारलं. उत्तर काय येणार ते त्यांना आधीच दिसत होतं.

"बाकीच्यांना मीच शिकवलं. एक जण कुचराई करत नाही," मावशी अभिमानानं म्हणाली. "रोज सकाळी. वाचायचं आणि ट्रेमध्ये."

आता मावशीला सांगायचं कसं? हयातीत तिला 'तुझं चुकलं' असं म्हणालेला एक सर्जन होता, आणि त्यानं बदली मागून घेतली होती. पण सांगणं भाग होतं. ताईंनी खुर्ची जवळ ओढली. म्हणाल्या, "मावशी, तो ट्रे नाही गं. ते बटन दाबलं की कंपनी समजते, हे पत्र आणून देणारा मला त्रास देतोय. त्याच्या नावावर एक तक्रार चढते. आणि आणून देणारी मी आहे."

मावशीनं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. चष्मा अर्थात जावयाच्या दुकानातलाच.

"म्हणजे मी रोज सकाळी चहा पीत पीत तुझ्यावर तक्रार करत होते?"

"रोज."

"आणि माझ्या पोरी पण?"

"एक जण कुचराई करत नव्हती."

मावशीचा चेहरा क्षणभर असा झाला की ताईंना वाटलं, आता ही रडते. मेट्रनबाई रडताना कुणी बघितलेल्या नाहीत. पण तिच्या खांद्यांना हिसके बसायला लागले आणि ती हसत सुटली. इतकी हसली की टेबलावरचा ट्रे खुळखुळला. म्हणाली, "आणि मी दर रविवारी म्हणतेय, ही पोरगी वाळत का चाललीय." मग ताईंनाही हसू आवरेना. इतक्या दिवसांचं दबलेलं हसू आणि रडू एकाच वाटेनं बाहेर पडलं.

हसून झाल्यावर मावशी पुन्हा मेट्रन झाली. तिनं भाचीची झडतीच घेतली. नवी मुलगी वॉर्डात आली आणि कुठला ट्रे कशाचा हे तिला सांगितलं नाही, तर चूक मुलीची का वॉर्डाची? तू माझं टपाल वळवून दिलंस, पण त्या बटनाचं मला कधी सांगितलंस? ताई म्हणाल्या, तू असं करत असशील हे मला स्वप्नात तरी कसं यावं? मावशी म्हणाली, स्वप्नात नाही, विचारून. माणसाच्या हाती काही द्यायचं तर तो ते कसं वापरतो हे एकदा उभं राहून बघायचं असतं. सुई टोचायला सुद्धा आम्ही आधी संत्र्यावर शिकवतो.

ताईंनी ते मान खाली घालून ऐकलं, कारण ते खरं होतं. आणि बोलणी खाताना सुद्धा त्यांना इतकं हलकं वाटत होतं की मावशी आणखी घटकाभर बोलली असती तरी चाललं असतं. शत्रू सापडला होता, आणि तो शत्रू नव्हताच.

त्यानंतरचं काम मावशीनं आपल्या अंगावर घेतलं. दुसऱ्याच दिवशी दुपारी तिनं सगळ्या नर्सांना फोनसकट बोलावलं. खोलीत बसायला जागा नव्हती म्हणून त्या पलंगाभोवती उभ्या राहिल्या, आणि मावशी एकेकीपाशी थांबत, पूर्वी रोग्यांपाशी थांबायची तशी पुढे सरकत गेली. ताईंनी एकदाच दाखवलं. भंगाराचा खण उघडायचा, महिनाभराची सगळी पत्रं निवडायची, आणि 'हे स्पॅम नाही' असं कंपनीला सांगायचं. म्हणजे तक्रार मागे घेतल्यासारखं होतं. इतक्या बायांनी एका दुपारी इतक्या तक्रारी मागे घेतलेल्या त्या कंपनीनं कधी बघितल्या नसतील. वाचून झालेलं पत्र कुठे ठेवायचं तेही दाखवलं. साधं जतन करायचं बटन होतं, सगळ्यांच्या नाकासमोर. प्रसूतीच्या वॉर्डात जन्म गेलेल्या एक बाई पुटपुटल्या की हे आधी सांगितलं असतं तर. मावशीनं नुसतं बघितलं, त्यांचं वाक्य तिथेच राहिलं.

रिवाज मात्र बदलावा लागला. ताईंना त्याचं मनातून फार लागलं होतं, पण टपाल असं डोळे झाकून वळवत राहिलं तर आज नर्सा, उद्या आणखी कुणी. शिवाय फेरीवाल्यांचा जो काही कचरा चुकून आत यायचा, तोही वळवून पुढे जायचा आणि त्याचं पाप यांच्याच माथी. तेव्हा त्यांनी ठरवलं, आपण नेऊन टाकायचं नाही. सोडून गेलेल्यांची पत्रं त्यांच्या जुन्याच पेटीत राहतील, आणि त्यांचा नवा मेल स्वतः इथे येऊन ती घेऊन जाईल. हे एकदा फोनात नीट लावून दिलं की आपोआप होतं. म्हणजे पत्रं मिळणार तशीच, फक्त पाठवणारी ताई नाही. तिथेही कुणीतरी कुरकुरलंच, म्हणजे आता घरपोच बंद का? मावशी म्हणाली, "का, पाय मोडलेत? फोनच जाणारे, तुला कुठे जायचंय."

राहिले हेडक्लार्क. त्यांच्यापासून ताईंनी काही लपवलं नाही. समोर बसून सांगितलं की घोटाळा आमच्याच घरातला होता, सापडलाय, दुरुस्त केलाय, पण नाव खराब व्हायला एक दिवस पुरतो आणि धुवायला जास्त लागतात, तेव्हा महिनाअखेरपर्यंत थांबा. घरातला म्हणजे कुणाचा, असं त्यांनी विचारलं. ताईंनी मावशीचं सांगितलं. हेडक्लार्क खुर्चीतून उठून उभेच राहिले आणि शर्टाचं वरचं बटन लावलं. "आपल्या मेट्रनबाई?" म्हणाले, आणि दाराकडे बघून घेतलं. कागद त्यांनी सहीला पाठवला नाही. टेबलाच्या एका कडेला सरकवून ठेवला.

मग वाट बघणं आलं. ताई रोज सकाळी ती रेघ बघायच्या. मोठ्या कंपनीच्या पत्त्याचा एक फोन दुकानात ठेवला होता, त्यावर हॉस्पिटलच्या नावानं चाचणीचं पत्र टाकायच्या आणि नवरा गिऱ्हाईक सोडून बघायचा की कुठल्या खणात पडलं. भंगार, भंगार, भंगार. एके दिवशी वर आलं. ताई म्हणाल्या, एकदा आलं म्हणून हुरळायचं नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा भंगार. तिसऱ्या दिवशी वर, चौथ्या दिवशी वर. नवरा जेवताना म्हणाला की आजारी माणसाचा ताप उतरताना असाच मागेपुढे होतो. मावशीचा रोज फोन यायचा, ती एवढंच विचारायची, उतरला का?

महिना संपत आला तेव्हा रेघ जमिनीला टेकली होती. पण ताईंचा त्या रेघेवर विश्वास बसेना. रेघ म्हणजे मोठ्या कंपनीचं म्हणणं. माणसांचं म्हणणं अजून कळलं नव्हतं.

ते कळलं महिन्याच्या अगदी शेवटाला, सकाळी दुकान उघडल्या उघडल्या. फोन वाजला. नवरा एका बाईला खुर्चीत बसवून डोळे तपासत होता, त्यानं हात मागे घेतले. ताई पडद्याआडून आल्या. फोनवर हेडक्लार्क होते आणि पाठीमागे बाजार भरल्यासारखा गलका होता.

ते सांगत होते ते असं. गेले काही आठवडे निम्म्या लोकांना पत्रंच पोचत नव्हती, म्हणून त्यांनी हिशेबानं आज दुप्पट लोकांना तपासणीला बोलावलं होतं. दुप्पट बोलावले तर जेमतेम पुरेसे येतील. तर आज सगळे आले. एकूण एक. पत्र हातात धरून आलेत, फोनवर दाखवताहेत, वेळेच्या आधी आलेत. जिन्यात माणसं बसलीत.

"आणि तो कागद?" ताईंनी विचारलं.

"कसला कागद?" हेडक्लार्क वैतागून म्हणाले. "तो फाडून टाकला मी कालच. अहो ताई, म्हाताऱ्या माणसांना बसायला खुर्च्या नाहीत इथे. तुमच्या दुकानात आहेत का जास्तीच्या?"

ताईंनी फोन खाली ठेवला आणि भिंतीला पाठ टेकून उभ्या राहिल्या. नवऱ्यानं विचारलं, काय झालं? त्यांनी सांगितलं की हॉस्पिटलला खुर्च्या हव्यात. नवऱ्याला त्यातलं सगळं कळलं. पंचवीस-तीस वर्षं एका छपराखाली काढल्यावर एवढं कळतंच. त्यानं तपासायची काच खाली ठेवली, डोळे तपासायला बसलेल्या बाईपुढे किंचित वाकला आणि म्हणाला, "बाई, जरा उभ्या राहता का? खुर्ची नेतो. अक्षरं काय, उभ्यानंही वाचता येतात."

त्या बाई उभ्या राहिल्या. नवरा दोन खुर्च्या खांद्यावर घेऊन चौक ओलांडून निघाला, आणि ताई मागोमाग तिसरी घेऊन.